सतरा नंबरच्या ओळीतलं हिरवं झाड

म्युटेशन ब्रीडिंगवर, म्हणजे बियांच्या डीएनएत मुद्दाम बदल (म्युटेशन) घडवून त्यातून नवे वाण निवडण्यावर, काम केलंय असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे रेडिएशन? मग ते बियाणं रेडिओॲक्टिव्ह नाही का होत? नाही होत. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांत बियांतले अणू स्वतः किरणोत्सारी व्हावेत एवढी ताकद नसते, किरण आरपार जातात, जाता जाता डीएनएची तोडफोड करतात आणि संपलं. बी मशीनमधून बाहेर आलं की ते नुसतं बी असतं, हातात घेतलं तरी काही होत नाही. हे उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की आता एकदाच लिहून ठेवते, आणि लिहितेच आहे तर बाकीचंही लिहिते, कारण लोकांना जो भाग थरारक वाटतो तो खरं तर सगळ्यात कंटाळवाणा आणि छोटा आहे.

माझं एमएस्सीचं काम मुगावर होतं. मुगाच्या बियांच्या कागदी पाकिटांवर पेन्सिलीने ३००, ४००, ५०० लिहिलं (ग्रे मध्ये, हे किरणांचा डोस मोजायचं एकक, जुने लोक अजून किलोरॅडमध्ये बोलतात, ४०० ग्रे म्हणजे त्यांचं ४०), एक पाकीट किरण न देता तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून बाजूला ठेवलं आणि बाकीची घेऊन गॅमा चेंबरपाशी गेले. मला वाटलेलं काहीतरी भारी दिसेल. प्रत्यक्षात एक जाडजूड शिशाचं पिंप, आत एक डबा खाली जातो, टायमर लागतो, वीसेक मिनिटांनी डबा वर येतो. ना उजेड ना आवाज. बाजूच्या भिंतीवर दर महिन्याचा डोस-रेटचा तक्ता चिकटवलेला, कारण कोबाल्ट-६० चं अर्धआयुष्य सव्वापाच वर्षांचं, म्हणजे दर महिन्याला सोर्स साधारण एक टक्क्याने म्हातारा होतो आणि तोच डोस द्यायला थोडा जास्त वेळ लागतो. पाकिटं परत हातात आली तेव्हा मी सरांना विचारलं, झालं? ते म्हणाले, आता तीन वर्षं तुझी.

तर कडधान्यांमध्ये हा खटाटोप का करायचा. साधं उत्तर असं की पैदासकाराला व्हेरिएशन लागतं, सगळी झाडं सारखीच असतील तर निवडायचं काय, आणि कडधान्यांचं दुखणं नेमकं तिथेच आहे. मूग, उडीद, हरभरा ही सगळी स्वपरागीभवनवाली मंडळी, फूल उघडायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकून मोकळी होतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःशीच लग्न लावत आलेली. हरभऱ्यासारख्या पिकात तर माणसाने शेतीत आणतानाच विविधतेचा मोठा भाग मागे राहिला. बरं क्रॉस करून नवीन काही आणावं तर मुगाचं फूल केवढं असतं माहितीये ना, कळी उघडायच्या आत चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्याचे पराग लावायचे, आणि एवढं करून निम्म्याहून जास्त फुलं तिसऱ्या दिवशी खाली पडलेली. मी दिवसाला चाळीस फुलं करायचे, शेंगा चार लागल्या तर खूष. आणि मुळात ज्या रोगाला तोंड द्यायचंय त्याचा प्रतिकार कुठल्याच जवळच्या वाणात नसेल तर क्रॉस करणार कोणाशी?

तिथे म्युटेशन उपयोगी पडतं. आणि ज्या स्वपरागीभवनाच्या नावाने मी आत्ता बोटं मोडली तेच इथे कामाला येतं, कारण प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात आणि बहुतेक म्युटेशन रिसेसिव्ह असतात, म्हणजे एकाच कॉपीत बदल झाला तर दिसत नाहीत, पण झाड स्वतःच स्वतःचं बी धरतं म्हटल्यावर पुढच्या पिढीत काही झाडांत दोन्ही कॉपी बदललेल्या येतात आणि लपलेलं बाहेर पडतं. मक्यासारख्या परपरागीभवनवाल्या पिकात यासाठी प्रत्येक झाडाला पिशव्या बांधत बसावं लागतं, मूग हे काम फुकटात करतो.

कल्पना जुनीच आहे. १९२७ मध्ये हर्मन मुलरने फळमाशीवर एक्स-रे मारून दाखवलं की म्युटेशन मुद्दाम घडवता येतं, लगेच १९२८ मध्ये लुईस स्टॅडलरने बार्लीवर तेच दाखवलं. गंमत म्हणजे ज्याने पिकांत हे पहिल्यांदा दाखवलं त्या स्टॅडलरलाच यातून चांगले वाण मिळतील याची फारशी आशा नव्हती. आणि एका अर्थी त्याचं बरोबरच होतं, कारण हा बदल आंधळा असतो. घड्याळावर हातोडा मारून ते जास्त अचूक चालेल अशी अपेक्षा करण्यातला प्रकार. पण हजारो घड्याळं असतील आणि तुम्ही प्रत्येक बारकाईने बघायला तयार असाल तर एखादं सापडतं. आज जगात अशा पद्धतीने आलेले तीन हजारांच्या वर वाण नोंदवलेले आहेत.

किरणांऐवजी रसायनही वापरतात, मुख्य म्हणजे ईएमएस. त्याची जात वेगळी, गॅमा डीएनएचे तुकडे पाडतात, कधी अख्खा तुकडाच गायब, तर ईएमएस बहुतेक वेळा एखादं अक्षर बदलतं. आमच्याकडे दोन्ही होतं पण ईएमएस हाताळायचा दिवस मला कधीच आवडला नाही, ते कॅन्सरकारक आहे, दोन-दोन ग्लोव्ह्ज, फ्यूम हूड, आणि नंतर भिजलेलं बी नळाच्या धारेखाली तासन्‌तास धूत बसायचं. आणि ओलं बी लगेच पेरावं लागतं, पाऊस असो नसो.

आता पेरणी. पहिली पिढी, एम-वन. इथे मी पहिला गाढवपणा केला.

५०० ग्रेवाल्या वाफ्यात उगवण बघवत नव्हती, जी रोपं आली त्यांची पानं चुरगाळलेली, कुणाला दोनाऐवजी तीन दलं, कुणाचा शेंडा दुभंगलेला, आणि एका झाडाचं पान तर चक्क उभं अर्धं पांढरं अर्धं हिरवं, शिरेवरून पट्टीने रेघ मारल्यासारखं. मी त्या झाडाचे फोटो काढले, लाल टॅग बांधला, अशी एकूण त्रेसष्ट झाडं टॅग केली आणि पुढच्या पिढीत फक्त त्यांचंच बी पेरायचं असं ठरवून वही घेऊन सरांकडे गेले. सरांनी वही बघितली आणि विचारलं, बाकीच्या झाडांचं बी काढलंस ना?

नव्हतं काढलं. म्हणजे निम्म्या झाडांचं तरी नव्हतं, शेंगा तडकून जमिनीवर पडायला लागलेल्या, आणि मग मी आणि शेतावरच्या दोन मावशी उन्हात बसून जे मिळेल ते गोळा करत होतो. मावशी म्हणाल्या, बाई, वेड्यावाकड्याला चिंध्या बांधत बसलीस आणि धडक्याला वाऱ्यावर सोडलंस होय! अख्ख्या एम-वनवर याहून नेमकं कुणी बोललं नसेल.

कारण पहिल्या पिढीत जे दिसतं ते बरंचसं नुसतं जखमेचं दिसणं असतं, किरणांचा मार बसलाय म्हणून पान वाकडं, पुढच्या पिढीत जाईलच असं नाही. खरे बदल रिसेसिव्ह, त्यामुळे दिसतच नाहीत, धडधाकट दिसणाऱ्या झाडात बसलेले असतात. आणि त्यात आणखी एक फाटा आहे तो कायमेराचा. बियांतल्या गर्भात शेंडा तयार करणाऱ्या पेशी एकाहून जास्त असतात आणि प्रत्येकीत वेगळं म्युटेशन होतं, त्यामुळे एकाच झाडाची एक फांदी एका पेशीतून आलेली आणि दुसरी दुसरीतून, झाड एक पण आत दोन-तीन बिऱ्हाडं. सगळ्या झाडाचं बी एकत्र केलं तर कुठल्या बिऱ्हाडातून काय आलं ते कळत नाही, म्हणून फांदीनुसार शेंगा वेगळ्या काढायच्या. हे सगळं मला थिअरीच्या पेपरात व्यवस्थित लिहिता आलं होतं बरं का, मार्कही मिळाले होते.

दुसरी पिढी, एम-टू, ही खरी. इथे पहिल्या पंधरा दिवसांत एक दृश्य बघायला मिळतं जे मला आजही आवडतं. सकाळी लवकर ओळींमधून चालायचं आणि रंग मोजायचे. हिरव्या रोपांत मधूनच एखादं पूर्ण पांढरं, मेणबत्तीसारखं. ते अल्बिना. पिवळं असेल तर झँथा, पोपटी असेल तर व्हिरिडिस किंवा क्लोरिना. पांढऱ्यात हरितद्रव्यच नाही, बियातली शिदोरी आहे तोवर उभं राहतं आणि मग दोन-तीन दिवसांत मान टाकतं. यांचा शेतकऱ्याला उपयोग शून्य, पण आपल्याला कळतं की औषध लागू पडलंय, जितक्या जास्त कुटुंबांत (एम-वनच्या एकेका झाडाची पोरं म्हणजे एक कुटुंब) असली रोपं तितकं बाकीच्या जीन्समध्येही काहीतरी झालेलं असणार. उशिरा गेलात तर मोजायला उरत नाहीत, म्हणून रोज जायचं.

आणि आता त्या झाडाची गोष्ट. मुगावरचा सगळ्यात वाईट रोग म्हणजे पिवळा मोझॅक, विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. आधी पानावर मोहरीएवढे पिवळे ठिपके, मग पान अर्धं पिवळं, मग सगळंच, शेंगा वाकड्या आणि आत दाणा चोपलेला. एकदा झाड धरलं की औषध नाही, माशी मारत बसा. म्हणून प्रतिकारक वाण हाच खरा उपाय. त्या हंगामात माशी भरपूर होती, आमचा प्लॉट लांबून मोहरीच्या शेतासारखा पिवळाधमक दिसत होता आणि सतरा नंबरच्या ओळीत सहावं झाड हिरवंगार. डाग नाही. मी तीनदा आजूबाजूची झाडं बघून आले, सगळी पिवळी, हे एकटं हिरवं. टॅग बांधला, लेबल दोनदा लिहिलं, रात्री झोप नाही. मनात वाणाचं नावही ठेवून झालं होतं, ते इथे सांगत नाही, फार लाज वाटते.

बी काढलं, बावीस दाणे पेरले. बावीसच्या बावीस पिवळी.

याला आमच्याकडे एस्केप म्हणतात. झाड प्रतिकारक नव्हतं, सुटलं होतं. त्या झाडावर योग्य वेळी रोगट माशी बसलीच नाही एवढंच, किंवा ते उशिरा उगवलं आणि माशीची लाट जाऊन गेली. रोगप्रतिकारासाठी निवड करताना सगळ्यात जास्त फसवतं ते हेच, कारण निरोगी दिसणं आणि प्रतिकारक असणं यात जो फरक आहे तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून दर दोन-तीन ओळींनंतर हमखास रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ लावतात, इन्फेक्टर रो, म्हणजे रोगाचा पुरवठा सगळ्यांना सारखा. त्या ओळी आम्ही लावल्या होत्या पण पैसे आणि जागा वाचवायला लांब लांब, आणि सतरा नंबर नेमकी दोन्हींच्या मधोमध. दुसऱ्या हंगामात सरांनी काही न बोलता प्लॅनवर इन्फेक्टर ओळी दुप्पट केल्या.

आकड्यांचं पण बघा. एखाद्या ठरावीक जीनमध्ये आपल्याला हवा तो बदल होणं हे हजारोंत एखादं, त्यामुळे पाचशे झाडांचा एम-टू लावणं म्हणजे हौस. काही हजार तरी हवीत, आणि प्रत्येक झाडापाशी जाऊन बघायला माणूस हवा. इथे कुठलंही मशीन अजून मावशींच्या जवळपास नाही असं माझं मत. पानाखाली बोट घालून उलटं करून बघायची त्यांची एक लकब असायची, आम्ही वरून बघायचो त्या खालून बघायच्या, माशी खालीच बसते.

बरं हे सगळं होऊन काही हाती लागतं का? लागतं. माझं आवडतं उदाहरण हरभऱ्याचं आहे. पाकिस्तानात १९८० च्या आसपास ॲस्कोकायटा नावाच्या बुरशीच्या करप्याने हरभऱ्याची पार वाट लावली होती, आणि फैसलाबादच्या अणु-कृषी संस्थेने सीएम-७२ नावाचा वाण १९८३ मध्ये दिला, तो एका जुन्या वाणाच्या बियांना १५० ग्रे गॅमा देऊन मिळालेला, करप्याला टिकणारा. १५० ग्रे म्हणजे आमच्या मुगाच्या सगळ्यात कमी डोसच्या निम्मा. जास्त मार म्हणजे जास्त फायदा असं नसतंच, जास्त मारात एका चांगल्या बदलाबरोबर दहा वाईट येतात. आणि तिथलं काम सीएम-७२ वर थांबलं नाही, त्याच संस्थेचे सीएम-८८, सीएम-९८ मागोमाग आले, कारण बुरशीपण बदलते, आज टिकणारं झाड कायम टिकेल असं कोणी लिहून देत नाही.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं काम बघा. भुईमुगाच्या स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड वाणावर एक्स-रे देऊन मोठ्या दाण्याचा टीजी-१ आला, तो १९७३ मध्ये विक्रम नावाने प्रसारित झाला. पण माझ्या मते खरी हुशारी त्यानंतरची, की मिळालेला म्युटंट, म्हणजे बदल झालेलं झाड, हाच वाण मानून टाळ्या वाजवत न बसता म्युटंट एकमेकांशी आणि दुसऱ्या वाणांशी क्रॉस करत राहायचं. टीएजी-२४ असाच आला, १९९१ मध्ये, बुटकं आटोपशीर झाड, पालापाचोळ्यापेक्षा शेंगांकडे जास्त माल नेणारं. उडदातला टीएयू-१ (१९८५) पण तसाच, मोठ्या दाण्याचा म्युटंट आणि दुसरा एक चालता वाण यांच्या क्रॉसमधून. मुगाचा एनएम-९२ हा फैसलाबादचा म्युटंट आणि तैवानच्या भाजीपाला संशोधन केंद्रातली मोठ्या दाण्याची लाइन यांचं लेकरू. म्हणजे म्युटंट हा बऱ्याचदा कच्चा माल असतो.

उत्पन्नाचं गणित तर रोगापेक्षा अवघड आहे. रोगाला एखादा जीन पुरतो, उत्पन्नाला शंभर लागतात आणि एकाला ओढलं की दुसरा सुटतो. शेंगा वाढल्या की दाणा बारीक होतो, दाणा मोठा केला की शेंगेत संख्या कमी. म्हणून शहाणे लोक उत्पन्न नाही शोधत, झाडाची ठेवण शोधतात. मुगात आधीच्या शेंगा काळ्या पडल्या तरी वर फुलं चालूच, तीनदा तोडणी करा, म्हणून एकदम पिकणारं झाड शोधायचं. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९५६ मध्ये सॅनिलॅक नावाचा नेव्ही बीनचा (राजम्याच्याच जातीचा बारीक पांढरा दाणा) वाण आला, त्याच्या मुळाशी एक्स-रेने मिळालेला झुडपी म्युटंट होता, वेलासारखं पसरायचं सोडून नीट उभं राहणारा. आणि नीट उभ्या झाडाखाली हवा खेळते, पानं लवकर सुकतात, म्हणजे ठेवण बदलली की बुरशीचंही थोडं अवघड होतं.

नुसतं एक टोक धरून ओढलं तर काय होतं त्याचाही किस्सा आहे. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रॅग नावाच्या सोयाबीनला ईएमएस देऊन असे म्युटंट मिळाले की ज्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठीच गाठी, नेहमीपेक्षा कितीतरी पट. ऐकायला स्वप्नच. पण त्या गाठींतल्या जिवाणूंना साखर झाडच पुरवतं ना, त्यामुळे झाडं खुरटली. गाठी किती पुरे हे झाड स्वतः मोजत असतं आणि ते मोजणारं यंत्रच त्या म्युटंटमध्ये मोडलं होतं. शेतकऱ्याला त्याचा फार उपयोग झाला नसेल पण ते यंत्र आहे हे या मोडलेल्या झाडांमुळे नीट कळलं.

मोडण्यावरून आठवलं, मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट वाटाण्यातली आहे. वाटाण्यावर भुरी येते, पानांवर पिठी भुरभुरल्यासारखी, आणि ईआर-१ नावाचा जुना माहितीतला प्रतिकार आहे. नंतर कळलं की ईआर-१ म्हणजे नवीन काही मिळालेलं नाहीच, एमएलओ नावाचा एक जीन बंद पडलेला आहे. धडका जीन असेल तर बुरशीला घरात शिरायला जणू दार मिळतं, जीन मोडला की दारच नाही. बार्लीत हे आधी माहीत होतं. मुद्दाम रसायन देऊन वाटाण्यात नवे ईआर-१ तयारही केलेत. हातोड्याने घड्याळ सुधारत नाही हे खरं, पण चोर ज्या कडीने दार उघडतो ती कडी हातोड्याने नक्की मोडता येते.

आमच्या मुगात शेवटी मिळालं ते पण भुरीचंच. आणि ते सतरा नंबरसारखं डोळ्यात भरणारं झाड नव्हतं, बुटकं, उशिरा फुलणारं, बारीक दाण्याचं, एम-थ्रीमध्ये मावशींनी दाखवलं, ह्याला पीठ लागत न्हाई बघ. यावेळी मी नाव-बिव ठेवलं नाही. पान तोडून पेट्री डिशमध्ये ठेवलं, रोगट पानावरचं पीठ ब्रशने त्यावर झटकलं, शेजारी मूळ वाणाचं पान. दहा दिवसांनी मूळचं पान पांढरंफेक आणि याच्यावर काही नाही. पुढच्या पिढीतही काही नाही. त्याच्या पुढच्याही.

ती लाइन वाण नाही झाली, उत्पन्न कमी पडलं. पण तिचा मूळ वाणाशी बॅकक्रॉस, म्हणजे मूळ वाणाशीच पुन्हा पुन्हा क्रॉस, सुरू झाला तो माझ्यानंतरच्या मुलांनी पुढे नेला, आणि तिसऱ्या बॅकक्रॉसपर्यंत दाणा बराच सुधारलाय असं ऐकलं. कोल्ड स्टोअरमधल्या पाकिटावर अजून माझं अक्षर आहे म्हणे, आणि तारीख चुकलेली.

गेल्या महिन्यात तिथल्या एका ज्युनियर मुलीचा मेसेज आला, तिचा एम-वन उगवलाय, सोबत फोटो, पान अर्धं पांढरं अर्धं हिरवं, शिरेवरून पट्टीने रेघ मारल्यासारखं, खाली लिहिलेलं ताई हे बघा ना, टॅग करू का?? मी आधी एक लांबलचक मेसेज टाइप केला, मग खोडला आणि लिहिलं, कर, पण शेंगा सगळ्याच झाडांच्या काढ, फांदीनुसार वेगळ्या, आणि तडकायच्या आत.